पेशी, पटल आणि पाणी : उपनगरांतील प्रयोगशाळांतल्या दोन प्रात्यक्षिकांचा आढावा

शाळा-कॉलेजांत पेशीची प्रत्यक्ष ओळख होते ती मुख्यतः दोन प्रात्यक्षिकांतून. एकात कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असतो. दुसऱ्यात बटाट्याची वाटी कोरून तिच्यात साखरेचे द्रावण भरायचे आणि पातळी किती चढते ते पाहायचे. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात सातवीपासून पेशीरचना येते, आठवीच्या ‘पेशी व पेशीअंगके’ या पाठात विसरण आणि परासरण येते आणि अकरावीला हीच प्रात्यक्षिके थोडी वाढवून, बहुधा इंग्रजी माध्यमातून, पुन्हा करावी लागतात. मुंबईच्या उपनगरांत अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या कोणत्याही विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचे जर्नल उघडले तर पहिल्या पाच-सात पानांत ही दोन्ही सापडतात. मात्र ती वेगवेगळ्या पानांवर असतात. दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या पानांवरून फारसे कळत नाही.

संबंध मात्र घट्ट आहे. वनस्पतिपेशीचे जे चित्र पुस्तकात असते त्यात बाहेर पेशीभित्तिका आणि तिला लागून आत प्रद्रव्यपटल दाखवलेले असते. हे पटल सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे असते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणजे पटल त्या मर्यादेच्या पंचविसाव्या हिश्शाहून जाड नसते आणि शालेय सूक्ष्मदर्शकातून ते कोणालाही दिसणे शक्य नसते. ते आहे हे समजते पाण्याच्या वागणुकीवरून, म्हणजे परासरणावरून. पेशीच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग पहिल्या प्रात्यक्षिकात दिसत नाही आणि दुसऱ्यामुळे सिद्ध होतो. प्रात्यक्षिकांचा क्रम आणि पद्धत या एका गोष्टीभोवती बांधली तर दोन्हींना अर्थ येतो.

विज्ञानाच्या इतिहासातही गोष्ट याच क्रमाने घडली. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले त्या होत्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. रॉबर्ट ब्राऊनने १८३१मध्ये आमरांच्या पेशींतल्या केंद्रकाकडे लक्ष वेधले. १८३८-३९ साली श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले असतात असे मांडले. पटलाचा यात कुठेच पत्ता नव्हता. तिकडे पाण्याचा अभ्यास वेगळ्याच वाटेने चालला होता. फ्रान्समध्ये नोले याने १७४८ साली मद्यार्काने भरलेले, डुकराच्या मूत्राशयाने तोंड बांधलेले भांडे पाण्यात बुडवले, तेव्हा मूत्राशय फुगून आला. १८२०च्या दशकात द्युत्रोशे याने या क्रियेला नाव दिले आणि ती मोजायला सुरुवात केली. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सच्छिद्र मातीच्या भांड्यावर कॉपर फेरोसायनाइडचा थर बसवून नेमके दाब मोजले; एक टक्का साखरेच्या द्रावणाला त्याला सुमारे ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतका दाब मिळाला. ॲमस्टरडॅमच्या ह्युगो द फ्रीस याने जिवंत वनस्पतिपेशी वेगवेगळ्या द्रावणांत ठेवून त्या केव्हा आकसतात हे तपासले. त्याच विद्यापीठातल्या व्हान्ट हॉफ या रसायनशास्त्रज्ञाला फेफरच्या मोजमापांची माहिती द फ्रीसकडूनच मिळाली. विरल द्रावणाचा परासरण दाब वायूच्या नियमासारख्याच सूत्राने निघतो हे व्हान्ट हॉफने दाखवले आणि १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. या साऱ्या काळात पटल कोणी पाहिलेले नव्हते. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन गडद रेघांच्या रूपात दिसले १९५०च्या दशकात. पाणी त्यातून एवढ्या झपाट्याने कसे जाते याचे उत्तर आणखी उशिरा, पाण्यासाठीच्या खास प्रथिन-वाहिन्यांच्या शोधाने मिळाले. त्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली नोबेल मिळाले.

कांद्याच्या प्रात्यक्षिकाकडे परत यायचे तर ते दिसते तितके सोपे नाही. कांदा उभा चिरून आतला एक मांसल पापुद्रा सुटा करायचा आणि त्याच्या आतल्या, खोलगट बाजूवरची पातळ त्वचा चिमट्याने सोलायची. ती सुटताना अगदी पारदर्शक, किंचित चमकदार दिसते. तिचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात सपाट पसरायचा आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. एवढ्या शेवटच्या क्रियेत घाई झाली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे, आतून लख्ख गोल असे हे बुडबुडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पेशीच वाटतात आणि जर्नलांत त्यांची चित्रे मोठ्या निगुतीने काढलेली आढळतात. नीट बसवलेल्या पापुद्र्यात मात्र विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी एकमेकींना चिकटून दिसतात. आयोडीन किंवा सॅफ्रॅनिनचा थेंब दिला की प्रत्येकीत एक गोल केंद्रक उठून दिसते. ते बहुधा पेशीच्या मधोमध नसून भिंतीला लागून असते, कारण पेशीची जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने अडवलेली असते. हरितलवके दिसत नाहीत. कांद्याचा हा भाग जमिनीत वाढलेला, साठवणुकीचा आहे. व्हायवात विचारला जाणारा हा हमखास प्रश्न आहे.

आकार मोजायला महागडी साधने लागत नाहीत. दहापट नेत्रिका आणि दहापट वस्तुभिंग असलेल्या बऱ्याच शालेय सूक्ष्मदर्शकांत दिसणाऱ्या गोलाचा व्यास सुमारे १.८ मिलिमीटर भरतो. पारदर्शक पट्टी काचपट्टीच्या जागी ठेवली की तो थेट वाचता येतो. त्या व्यासात लांबीच्या दिशेने पाच पेशी मावल्या तर एका पेशीची लांबी ०.३६ मिलिमीटर, म्हणजे ३६० मायक्रोमीटर. एवढे गणित केले की ‘पेशी अतिसूक्ष्म असते’ हे पाठ केलेले वाक्य सैल पडते. कांद्याची पेशी जवळजवळ नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यातली आहे. हे मोजमाप फार थोड्या ठिकाणी करून घेतले जाते, ही मोठी उणीव म्हणायला हवी.

त्याहून मोठी उणीव आकृतीची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली भिंत, केंद्रक, पेशीद्रव्याचा अस्पष्ट थर आणि रिक्तिकेची जागा, एवढेच दिसलेले असते. जर्नलात मात्र तंतुकणिका, गॉल्गी पिंड, अंतर्द्रव्यजालिका आणि दुहेरी रेघेचे प्रद्रव्यपटल यांच्यासह पुस्तकातली संपूर्ण आकृती उतरलेली असते आणि तिच्यावर बरोबरची खूण होते. निरीक्षणाच्या तासाला न दिसलेल्या गोष्टी काढायला शिकवणे हे विज्ञानाच्या शिक्षणाचे नुकसान आहे. नेत्रिकेवर मोबाइल धरून काढलेला फोटो आकृतीशेजारी लावायची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. फोटो चित्राची जागा घेऊ शकत नाही, पण चित्रावर पहारा ठेवतो.

गालाच्या आतल्या पेशींचे प्रात्यक्षिक याला जोडून येते. स्वच्छ टूथपिकने गालाची आतली बाजू हलके खरवडायची, मेथिलीन ब्लूचा थेंब द्यायचा. पेशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटरच्या, सपाट, वेड्यावाकड्या कडांच्या आणि बऱ्याचदा दुमडलेल्या असतात. भिंत नसली तर आकार कसा राहत नाही हे यात स्वच्छ दिसते. परासरणासाठी मात्र या पेशी निरुपयोगी. त्या गळून पडण्याच्या बेतात आलेल्या असतात आणि रंगद्रव्याने त्यांचे काही उरत नाही.

रंगाचा हा मुद्दा कांद्यालाही लागू आहे आणि तिथेच दोन प्रात्यक्षिकांची साखळी तुटते. आयोडीन पेशीला मारते. मेलेल्या पेशीचे पटल पाणी आणि साखर दोघांनाही वाट देते. म्हणून रंगवलेला पापुद्रा साखरेच्या पाण्यात ठेवून काहीही घडत नाही. पहिली काचपट्टी न रंगवता, नुसत्या पाण्यात पाहायची, तिच्यावरच परासरण करून घ्यायचे आणि शेवटी रंग द्यायचा, असा क्रम ठेवला तर एकाच पापुद्र्यावर दोन्ही गोष्टी होतात. न रंगवलेल्या पापुद्र्यात प्रकाश थोडा कमी करून धीराने पाहिले तर पेशीद्रव्यातले बारीक कण एका दिशेने सरकतानाही दिसतात. ज्यांनी पेशी फक्त रंगवून पाहिली आहे त्यांना ती जिवंत असते याची कल्पनाच नसते.

न रंगवता पाहायचे तर आपोआप रंगीत असलेली पेशी हवी. मुंबईच्या प्रयोगशाळांत त्यासाठी रिओचे पान वापरतात. सोसायट्यांच्या कुंड्यांत आणि रस्त्याकडेच्या बागांत लावलेली, वरून हिरवी आणि खालून गर्द जांभळी पाने असलेली ही झुडपे उपनगरांत कुठेही मिळतात. शास्त्रीय नाव ट्रेडेस्कँशिया स्पॅथेसिया. पान तिरके मोडून ओढले की खालच्या बाजूची जांभळी त्वचा पातळ पदरासारखी निघते. तिच्या पेशींतला रंग रिक्तिकेत विरघळलेला असतो, त्यामुळे रिक्तिका म्हणजे नेमकी कोणती जागा हे वेगळे सांगावे लागत नाही. रिओ नसेल तर नाशिककडचा लाल कांदाही चालतो, पण त्याच्या पापुद्र्याची बाहेरची, फुगीर बाजूची त्वचा घ्यावी लागते. रंग तिथे असतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा उन्हाळ्यात रस्तोरस्ती टांगलेल्या दिसतात. चवीला तो उत्तम असला तरी या कामाला बिनकामाचा.

पाण्यातल्या रिओच्या पेशी काठोकाठ जांभळ्या असतात. कव्हरस्लिपच्या एका कडेला साखरेच्या किंवा मिठाच्या द्रावणाचा थेंब ठेवायचा आणि समोरच्या कडेला फिल्टर पेपरचा तुकडा टेकवायचा. कागद पाणी ओढतो आणि त्याच्या मागे द्रावण पेशींपर्यंत पोचते. काही मिनिटांत जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो, मग बाजूंनी आत वळतो आणि शेवटी पारदर्शक चौकटीत गोलसर जांभळा गोळा उरतो. भिंत होती तिथेच असते. त्या गोळ्याची रेखीव कड म्हणजे पटलाची जागा. इतका वेळ भिंतीला चिकटून असल्यामुळे न दिसलेली सीमा पाणी बाहेर गेल्यामुळे वेगळी पडलेली असते. कॉलेजात याला सरसकट प्लाझमोलिसिस म्हणतात. भिंत आणि आकसलेला गोळा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असते, हा इथला खरा कसोटीचा प्रश्न. ‘हवा’ आणि ‘पोकळी’ ही उत्तरे वारंवार येतात. तिथे बाहेरचे द्रावणच असते, कारण भिंत द्रावणाला अडवत नाही, अडवते ते पटल. एवढे एक उत्तर समजून आले की ‘निवडक्षम पारपटल’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

यानंतर द्रावणाच्या जागी पुन्हा साधे पाणी सोडायचे. गोळा फुगून भिंतीपर्यंत पोचला तर पेशी जिवंत होती. इथे बरीच प्रात्यक्षिके फसतात आणि दोष बहुधा द्रावणाचा असतो. पाच टक्के किंवा त्याहून तीव्र मिठाचे पाणी वापरले की आकुंचन झटपट होते, वेळ वाचतो, पण ओढ इतकी जबर असते की पटल फाटते आणि पाणी दिल्यावर रंग सगळीकडे पसरतो. सुमारे दहा टक्के साखरेचे, म्हणजे जवळजवळ ०.३ मोलर द्रावण सावकाश काम करते आणि पेशी पुन्हा पूर्ववत होतात. उष्णतेने किंवा स्पिरिटने मारलेला पापुद्रा शेजारी ठेवला तर आणखी उत्तम. त्यात कोणत्याच द्रावणाने काही होत नाही.

यातून आकडाही काढता येतो. ०.१० पासून ०.३० मोलरपर्यंतच्या साखरेच्या द्रावणांत एकेक तुकडा वीस-पंचवीस मिनिटे ठेवायचा आणि प्रत्येकात पन्नास-शंभर पेशी मोजून त्यांतल्या किती आकसल्या ते लिहायचे. ज्या संहतीला निम्म्या पेशींत आकुंचन नुकते सुरू झालेले दिसते तिथे आतल्या रसाचा परासरण दाब बाहेरच्या द्रावणाइतका मानतात. समजा तो बिंदू ०.२२ मोलर आला आणि खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे, तर व्हान्ट हॉफच्या सूत्राने दाब निघतो ०.२२ गुणिले ०.०८३१ गुणिले ३०३, म्हणजे सुमारे ५.५ बार. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतात. इतका दाब पेलणारी भिंत नसती तर साध्या पाण्यात पेशी फुटली असती. परदेशी पुस्तकांतली उदाहरणे २० अंश धरून सोडवलेली असतात आणि ती तशीच उतरवली जातात. मुंबईच्या प्रयोगशाळेत भिंतीवरचा तापमापक पाहून ३०३ घालायला हरकत नसावी.

बटाट्याचे प्रात्यक्षिक याच्या तुलनेत ढोबळ आहे. साल काढलेल्या बटाट्याचा तळ सपाट करून मध्ये खळगा कोरतात, त्यात साखरेचे दाट द्रावण भरून पातळीवर टाचणी खोचतात आणि बटाटा पाण्याच्या बशीत ठेवतात. तास-दीड तासाने पातळी टाचणीच्या वर जाते. उकडलेल्या बटाट्यात ती तशी चढत नाही, आणि खरे तर शिकवण्याजोगी हीच तुलना आहे. पण दोन गोष्टी झाकल्या जातात. बटाट्याची भिंत म्हणजे एक पटल नव्हे. पाणी शेकडो पेशींच्या रांगेतून, आणि पेशींच्या मधल्या भिंतींतूनही सरकते. शिवाय कोरताना कापल्या गेलेल्या पेशींचा रस खळग्यात उतरतो आणि साखरही थोडी बाहेर झिरपते. परासरण घडते हे यातून दिसते. ते कोणत्या सीमेवर घडते हे दिसत नाही.

बटाट्याचे तुकडे तोलण्याची पद्धत अधिक फलदायी आहे. एकाच बटाट्यातून सारख्या लांबीच्या कांड्या कापून, टिपून, वजन करून त्या शून्यापासून १ मोलरपर्यंतच्या साखरेच्या द्रावणांत ठेवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. वजनातला बदल टक्क्यांत मांडून आलेख काढला की रेघ एका ठिकाणी शून्याला छेदते. तिथे पाणी आत-बाहेर सारखेच जाते-येते. बटाट्याला हा बिंदू बहुधा ०.२५ ते ०.३५ मोलरच्या दरम्यान येतो. जुना, मोड येऊ लागलेला बटाटा आणि वाशीच्या बाजारात नुकताच उतरलेला नवा बटाटा यांचे बिंदू वेगळे येतात, कारण साठवणीत आणि मोड येताना स्टार्चची साखर होत जाते. एका वर्गाने दोन्ही घेतले तर आकडे जुळत नाहीत म्हणून कोणाचे तरी चुकले असे ठरते. वस्तुतः दोघांचे बरोबर असते.

मनुका पाण्यात फुगते आणि पाकात आकसते, हा आठवीच्या पातळीचा प्रयोग सोपा आणि सोयीचा. मनुका हे अख्खे फळ आहे, पेशी नव्हे, एवढे सांगितले की पुरे. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेल्या अंड्याचा प्रयोग दिसायला नाट्यमय असला तरी अंड्याभोवतीचा पापुद्रा प्रथिनांच्या तंतूंचा विणलेला असतो. त्याला पेशीचे पटल म्हणणे ही सरळ चूक आहे आणि ती बऱ्याच प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेली असते.

पदवीच्या पहिल्या वर्षी रक्ताचा प्रयोग येतो. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी शाबूत राहतात आणि नळी गढूळ दिसते. ऊर्ध्वपातित पाण्यात त्या फुटतात आणि नळी पारदर्शक लाल होते, इतकी की तिच्यामागे धरलेल्या कागदावरची अक्षरे वाचता येतात. भिंत नसलेल्या पेशीचे पाण्यात काय होते याचे याहून चांगले उत्तर नाही. माणसाचे रक्त वापरण्यातले धोके टाळण्यासाठी बकऱ्याचे रक्त सायट्रेट घालून घेतात. देवनारचा कत्तलखाना जवळ असल्याने मुंबईत ते मिळणे अवघड नाही. बकऱ्याच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींच्या निम्म्याहूनही लहान असतात आणि परासरणाच्या बाबतीत फारच नाजूक. माणसाच्या रक्तासाठी लिहिलेला तक्ता समोर ठेवला तर आकडे बिघडल्यासारखे वाटतात. पाण्यात फुटण्याची अडचण गोड्या पाण्यातला पॅरामिशियम तिसऱ्या मार्गाने सोडवतो. भिंत नाही, तरी तो फुटत नाही, कारण संकोची रिक्तिका आत शिरलेले पाणी सतत बाहेर फेकते. गवत भिजवून ठेवलेल्या पाण्यात तो सापडतो आणि पाण्यात थोडे मीठ घातले की रिक्तिकेचे आकुंचन मंदावते. घड्याळ लावून ते मोजता येते.

साहित्य स्वस्त असले तरी उपनगरांतल्या अडचणी वेगळ्याच आहेत. जून ते सप्टेंबर हा पेशीच्या धड्याचा काळ आणि तोच दमट हवेचा. बंद पेटीत ठेवलेल्या भिंगांवर बुरशीची जाळी धरते आणि मग कोणताही पापुद्रा धुरकट दिसतो. सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून वापर हाच त्यावरचा उपाय. दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळांत एका तुकडीला प्रयोगशाळा सलग सत्तर मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. बटाट्याला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळी मांडून ठेवलेला बटाटा दुपारी दाखवला जातो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली भागांत जैन कुटुंबे पुष्कळ, आणि कांदा-बटाटा ही नेमकी त्यांच्या स्वयंपाकघरात न येणारी जोडी. प्रयोगशाळेत त्याने अडत नाही, पण घरी करायला दिलेल्या प्रयोगासाठी काकडी किंवा दुधीचे तुकडे घेता येतात. मीठ लावलेल्या काकडीला कोशिंबिरीत पाणी सुटते तेही परासरणच.

मूल्यमापनाचा भार मात्र सारा तयार उत्तरांकडे झुकलेला आहे. दहावीला विज्ञानाच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या आणि प्रात्यक्षिकाला २० गुण. बारावीला जीवशास्त्राचे लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. प्रात्यक्षिकाच्या गुणांत जर्नल, स्पॉटिंग आणि व्हायवा यांचा वाटा मोठा. परीक्षेच्या दिवशी मांडलेली काचपट्टी बहुधा कायमस्वरूपी, रंगवलेली, म्हणजे मेलेल्या पेशींची असते. याला शहरातच पर्यायही उभे राहिलेले आहेत. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१पासून सहावी आणि नववीसाठी घेत असलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची स्वतंत्र फेरी असते आणि उपनगरांतल्या शाळांत तिची तयारी मनापासून केली जाते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सुरू केलेले, ऑलिंपियाडच्या विद्यार्थ्यांना प्रयोगांचेही प्रशिक्षण देते; २००८ची आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरली ती याच केंद्राच्या यजमानपदाखाली. २०१४ साली मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी मांडलेला कागदी फोल्डस्कोपही आता शाळांत पोचू लागला आहे. त्यातून कांद्याची पेशी आणि केंद्रक उत्तम दिसते. पटल त्यातूनही दिसत नाही, पण रिओचा पापुद्रा त्यावर लावला तर आकुंचन दिसते.

प्रयोगशाळेबाहेर या विषयाचा सर्वांत मोठा नमुना उपनगरांच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीकाठी आणि पश्चिमेला वर्सोवा, मालवणी, गोराईच्या किनाऱ्यावर उभा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब २५ बारच्या वर जातो. पावसाळ्यात खाडीचा खारटपणा उतरतो, उन्हाळ्यात चढतो. रिओचे रोप अशा चिखलात लावले तर त्याच्या मुळांतले पाणी उलट बाहेर ओढले जाईल. तिवरांसारखी खारफुटीची झाडे मात्र तिथेच वाढतात. त्यांची मुळे बहुतांश मीठ बाहेरच अडवतात आणि पाणी आत ओढण्यासाठी खोडातल्या रसावर प्रचंड ताण असतो. शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली खारफुटीच्या फांद्यांत ३० वातावरणांहून अधिक ताण मोजला होता. जे मीठ तरीही आत शिरते ते तिवराच्या पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर ते खारट लागते आणि उन्हात स्फटिकही चमकतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या पानांवर अशा ग्रंथी नसतात. त्याचा भर मुळांच्या गाळणीवर. घरातला आरओ जी उलटी क्रिया विजेच्या पंपाने करतो ती कांदळाची मुळे खोडातल्या ताणावर करतात. तिवराच्या पानाच्या वरच्या त्वचेचा पापुद्रा सोलणे रिओइतके सोपे नाही, पण ब्लेडने घेतलेला पातळ आडवा काप १०० पट मोठा करून पाहिला तर या ग्रंथी पृष्ठभागात किंचित रुतलेल्या, काही पेशींच्या लहानशा गुच्छासारख्या दिसतात. अकरावीच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत त्यांना अजून जागा मिळालेली नाही.